सरकारमान्य चूल

सरकारनं आमच्या घराला विहीर द्यायचं ठरवलं आणि त्यातून आमच्या घरात दुसरी चूल आली. विहीर आली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कोणी पाण्याची वाट पाहणार नाही.

मी तेव्हा दहावीत होते. आमचं गाव गिरडच्या अलीकडे, समुद्रपूरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. एसटी लांबून दिसायची, गावात यायची नाही. घर मातीचं, वर कवेलूंचं छप्पर, मागं बैलांचा कोठा. बाबा आणि सुधाकरकाका हे दोघे भाऊ एकत्र राहायचे. वावर एक, बैलजोडी एक, रेशनकार्ड एक आणि चूल एक. काकाला शेतीतलं कळायचं आणि बाबांना योजनांमधलं. बाबांच्या मते शेती दोन ठिकाणी होते, एक वावरात आणि दुसरी तालुक्याला. आणि पहिलीवर विसंबून राहणारा माणूस भोळा असतो. पेपर आला की ते बातम्या सोडून थेट जाहीर सूचना वाचत. त्यांच्या या दुसऱ्या शेतीचं पीक कोठ्यात बैलांच्या शेजारी साठवलेलं असायचं. निम्म्या किमतीत मिळालेला फवारणीचा पंप होता, त्याची नळी पहिल्याच दिवशी निघाली होती. बियाण्याला औषध चोळायचा निळा ड्रम होता, त्यात आम्ही बैलांची ढेप ठेवायचो. आणि एक ताडपत्री होती. ती इतकी चांगली होती की पावसात भिजू नये म्हणून घडी घालून घरात ठेवलेली असायची.

आमच्या घरचा स्वयंपाक बाबांच्या पित्तावर चालायचा. बाबांना लसूण चालत नाही, मिरची चालत नाही, तेलाची तर्री चालत नाही. म्हणून ती घरात कोणालाच चालत नसे. आई रोज वरण शिजवायची, हिंगाचं, पिवळंधमक आणि एकदम निरुपद्रवी. चूल आईची होती, म्हणजे काय करायचं ते आई ठरवायची आणि आईचं ठरवून बाबांच्या पोटानं ठेवलेलं होतं. काकूकडे भाकरी. प्रमिलाकाकू हिंगणघाटकडची, तिखट खाणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती भाकरी थापत होती. सकाळी चुलीत तुरीच्या वाळक्या तुराट्या तडतडल्या की पाठोपाठ तिच्या हाताचा थापथाप आवाज सुरू व्हायचा आणि त्या आवाजानं आम्हाला जाग यायची. आई आणि काकू दिवसभर एका चुलीपुढं बसायच्या आणि मीठ टाकलं की नाही एवढ्यावरच बोलायच्या. काकू बाबांशी तर बोलतच नसे. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात आणि भासऱ्यासमोर धाकट्या सुनेनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करायचं असतं. बाबा चुलीकडे आले की आधी खोकायचे, काकू उठून भिंतीकडं वळायची. दोघांना एकमेकांना काही सांगायचंच असलं तर ते माझ्यामार्फत. घरात फोन यायच्या आधी फोनचं काम मी केलेलं आहे.

मी आता सावंगीला मेस चालवते. मेडिकलची पोरं जेवायला असतात, चार शेगड्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात आणि रोज कोणी ना कोणी भाजीवर तोंड वाकडं करतं. एका स्वयंपाकघरात दोन बायका कशा गप्प बसतात हे मी तिथंच शिकले असं लोकांना वाटतं. ते मी घरूनच शिकून आले होते.

तर त्या हिवाळ्यात बाबा तालुक्याहून विहिरीची बातमी घेऊन आले. कोरडवाहू शेतकऱ्याला विहिरीसाठी अनुदान, अट एकच, एका कुटुंबाला एकच विहीर. बाबा ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि काकाला म्हणाले, "सुधाकर, आपून वेगळे झालो."

काका बैलाच्या मानेवरचा घट्टा पाहत होता. "कवा?"

"दिवाळीपासून."

"दिवाळी होऊन गेली नं दादा."

"म्हनून तं. जुनं दिसलं पाह्यजे."

"पन काऊन? झालं काय?"

"झालं काईच नाई. कुटुंब म्हंजे रेशनकार्ड. एक कार्ड, एक विहीर. दोन कार्डं, दोन विहिरी. दुसऱ्या कार्डाले दुसरी चूल दाखवा लागते, बस."

काकानं बैलाला थोपटलं. मग म्हणाला, "आपल्या वावरात एका विहिरीले पानी लागन का नाई, थेच कोनाले मालूम नाई."

"पानी नाई लागलं तं नाई," बाबा म्हणाले, "विहीर तं भेटन."

दाराआड काकू ज्वारी पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज थांबला होता. तो परत सुरू झाला, पण बऱ्याच वेळानं.

दुसऱ्या दिवशी काकानं कोठ्याच्या कुटार ठेवायच्या भागात जागा केली, काकूनं चूल घातली आणि आईनं मागची भिंत पांढऱ्या मातीनं सारवून दिली. आईचा हात सारवणात चांगला होता, भिंत लख्ख दिसायला लागली. बाबांना ती फार आवडली. सरकारी माणूस येणार तर घर स्वच्छ दिसलं पाहिजे, हा त्यांचा हिशोब. घरातल्या चार मोठ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की दिवाळीपासून पेटत असलेल्या चुलीमागची भिंत पांढरी कशी राहील.

तपासणीला तलाठी आला. हा माणूस पैसे मागायचा नाही, त्यामुळे त्याच्याशी कसं वागायचं हे बाबांना कधीच कळलं नाही. त्यानं चपला काढल्या, वाकून आत गेला, भिंतीवर बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं.

"इथे दिवाळीपासून रांधून राह्यले?"

"हो साहेब."

"आन भिंत नवरीवानी?"

"आमच्या घरची लहान बाई साफ राह्यते साहेब."

"बाई साफ राहीन," तलाठी म्हणाला, "धूर थोडी साफ राह्यते." आणि चहा पिऊन निघून गेला.

बाबा खचले नाहीत. त्यांनी सायकलचा जुना टायर मिळवला, तुकडे केले आणि काकूच्या चुलीत पेटवले. बैल दावं तोडायला लागले. शेजारच्या म्हातारबुवांनी कुंपणावरून विचारलं, "काय गा, कोनी गेलं का?" भिंत दुपारपर्यंत डांबरासारखी काळी झाली. बाबांनी लगेच निरोप धाडला. तलाठी दोन-तीन दिवसांनी आला, दारातच थांबला, नाकाला रुमाल लावला.

"भाऊ, पंक्चरचं दुकान टाकलं का घरात?"

बाबा म्हणाले, "काजळीच हाय साहेब."

"काजळीले फोडनीचा वास पाह्यजे. आता असं करा. भिंत पुन्हा सारवा आन महिनाभर इथे खरंच रांधा. थोडी काळी झाली का मले निरोप द्या, मी लिहून देतो. मले काय, मले फक्त चूल दिसली पाह्यजे."

आज कोणी काजळी पाहत नाही. आज अंगठा पाहतात. गेल्याच महिन्यात बाबांना घेऊन मी सेवा केंद्रावर गेले होते, त्यांच्या शेतकरी योजनेच्या हप्त्यासाठी. मशीन काही केल्या त्यांचा अंगठा ओळखेना. केंद्रावरचा पोरगा म्हणाला, आजोबा, रेषा झिजल्या. जन्मभर ज्या माणसानं शेतीपेक्षा सह्या जास्त केल्या, त्याच्या अंगठ्याच्या रेषा कशानं झिजल्या हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी चेहरा दाखवून काम झालं. चेहरा मात्र सरकारनं लगेच ओळखला.

असो. महिना सुरू झाला. आईनं ज्वारी, तूर, तेल, मीठ निम्मं-निम्मं वाटून दिलं आणि काकू पहिल्यांदा एकटी चुलीपुढं बसली. पहिल्या दिवशी तिनं हिंगाचं वरण केलं. काका जेवला आणि वावरात गेला. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी कोठ्यातून धूर निघेना म्हणून आईनं मला पाहायला धाडलं. काकू न पेटलेल्या चुलीसमोर मांडी घालून बसली होती, तुराटी हातात.

"रंजू," ती म्हणाली, "काय रांधू वो?"

"काईही रांध."

"थेच तं सुचून नाई राह्यलं. मले कोनी इचारलंच नाई न आतापर्यंत."

आता यावर मी काहीतरी समजूतदार बोलायला हवं होतं असं पुस्तकं वाचणाऱ्यांना वाटेल. मला भूक लागली होती. मी म्हणाले, सोल्याची आमटी कर. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. तूर शेंगांनी लदबदली होती. मी ओचाभर शेंगा तोडून आणल्या, आम्ही दोघींनी सोलल्या. काकूनं दाणे तव्यावर भाजले, पाट्यावर लसूण, मिरची आणि जिऱ्यासोबत वाटले आणि कढईत तेल टाकलं. तेल टाकताना ती क्षणभर थांबली, दाराकडं पाहिलं, कोणी नव्हतं. मग तिनं आणखी टाकलं. लसूण तेलात पडल्यावर जो वास उठला तो आमच्या कवेलूंनी त्याआधी कधी घेतला नसेल. काकाची दोन्ही पोरं धावत आली. माझा भाऊ वह्या टाकून आला. काकानं वावरातून येताना तो वास ओळखला आणि बैल सोडायचे तसेच ठेवून हात धुतले.

पुढं रोज काहीतरी निघायला लागलं. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, वांग्यात सोले, पातोडी. हे सगळं काकूच्या डोक्यात इतकी वर्षं झाकण लावून ठेवलेलं होतं. काकू चुलीपुढं गुणगुणायची. भाकरीचा आवाजही बदलला होता, पूर्वी नुसता पटापट उरकल्यासारखा यायचा, आता गाण्याच्या ठेक्यात यायचा. बाबा ओसरीवर बसून नाक वर करून हवा हुंगायचे.

"रंजू, पाह्य बरं, काय जळून राह्यलं."

"लसून."

"बरं, जळू दे. काजळीसाठी चांगला असते." मग थोड्या वेळानं, "जरासं वाटीत आन. पाहतो."

"काय पाहता?"

"चूल नीट चालून राह्यली का नाई, पाहा नाई लागत?"

अशा रीतीनं बाबांनी चुलीची तपासणी सुरू केली. ती रोज दोन्ही वेळा व्हायची आणि वाटी पुसून परत जायची. त्यांच्या पित्तानं महिनाभर अवाक्षर काढलं नाही.

सगळ्यांना वाटत होतं आई चिडेल. पहिले काही दिवस ती चिडलेली होतीच. भांडी जरा जोरात ठेवायची. मग तिच्या लक्षात आलं की निम्मीच माणसं जेवायला आहेत आणि दुपारी आडवं होता येतं. ती आडवी झाली. माझ्या आठवणीत आईला दिवसा झोपलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी दोघी जावा आपापल्या चुली पेटवून अंगणापलीकडून एकमेकींशी बोलायला लागल्या.

"बाई, तुमच्याकडे काय हाय आज?"

"वरनच. अजून काय राहणार? तुह्याकडे?"

"भरीत. आना वाटी."

एका चुलीपुढं बसून ज्या बायकांना बोलायला मीठ सोडून काही सापडलं नव्हतं, त्या आता अंगणभर हसायच्या. काकूला ती चूल हवी होती हे घरात सगळ्यांना कळलेलं होतं. काकाला, आईला, मला, पोरांनासुद्धा. बाबांना कळलं नव्हतं, कारण ते विहिरीच्या कागदांत होते.

महिन्यानं तलाठी आला. भिंतीवर बोट फिरवलं, हुंगलं, समाधानानं मान हलवली आणि ओसरीवर बसून लिहायला लागला. स्वतंत्र चूल, स्वतंत्र भांडी, भिंतीस काजळी. मग म्हणाला, बाईंचं बयान लागेल. काकू दाराआड येऊन उभी राहिली, पदर नाकापर्यंत.

"बाई, कोनाच्या दबावाखाली वेगळ्या झाल्या का?"

बाबा खोकले.

"झाली होती दबावाखालीच," काकू म्हणाली. "आता दबाव नाई."

तलाठ्याचा पेन थांबला. "मंग मी काय लिहू?"

"राजीखुशीनं, असं लिहा."

त्यानं तसं लिहिलं. काकू सातवी शिकलेली होती. तिनं एकेक अक्षर काढत पूर्ण सही केली. बाबा खूश झाले. रात्री आईला म्हणाले, लहानी बाई चांगलं नाटक करते. आई म्हणाली, हो.

नवीन कार्ड आलं. विहिरीचे दोन अर्ज गेले. आता तालुक्याच्या शेतीचं पीक कसं येतं ते ऐका. विहिरीची बातमी कळली त्याच दिवशी बाबांनी एकत्र कुटुंबाचा एक अर्ज तालुक्याला टाकून ठेवला होता आणि तो मंजुरीच्या यादीत बसलेला होता. वेगळे झालो म्हणून तो रद्द झाला, नवे दोन अर्ज नव्यानं छाननीला गेले आणि छाननी होईपर्यंत तालुक्याला ठरवून दिलेल्या विहिरी संपल्या. एकत्र राहिलो असतो तर एक मिळाली असती. बाबा समुद्रपूरहून परत आले ते पायवाटेनं, एसटीतून उतरल्यावर कोणी भेटू नये म्हणून. ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

"सुधाकर, आपून एक झालो."

"कवा?" काका म्हणाला.

"लगेच. आता मळणी यंत्राची योजना येऊन राह्यली. त्याले वावर एकत्र, कुटुंब एकत्र पाह्यजे."

एक होणं वेगळं होण्याइतकं सोपं नव्हतं. तलाठ्यानं सांगितलं, कार्ड जोडायला हरकत नाही. पण तोडताना बाईंचं बयान घेतलंय, जोडतानाही त्यांचंच लागेल, राजीखुशीनं, आणि चूल मोडल्याचं लिहून द्यावं लागेल. बाबांनी कागद तयार करून आणला. काकानं सही केली; काका कशावरही सही करायचा. उरली काकूची.

दुपारची वेळ होती. मी कोठ्यात काकूच्या चुलीपुढं जेवत बसले होते. बाहेर बाबा खोकले. काकूच्या तव्यावर भाकर होती. ती उठली नाही. बाबा पुन्हा खोकले, जरा मोठ्यानं, आणि शेवटी कागद हातात धरून तसेच दारात आले. काकूनं डाव्या हातानं पदर ओढला, पण तोंड चुलीकडंच ठेवलं.

"रंजू," बाबा छताकडं पाहत म्हणाले, "काकूले म्हन, इथे सही कर."

मी काकूकडं पाहिलं. तिनं भाकर उलटवली.

"मी सही नाई करत," ती म्हणाली. मला नाही, बाबांना. तिनं बाबांना कधी हाकच मारलेली नव्हती, त्यामुळे त्यांना काय म्हणायचं हेही ठरलेलं नव्हतं. तिनं काहीच न म्हणता नुसतं सांगितलं.

बाबांना ते कळायला वेळ लागला. "रंजू, तिले म्हन, ही चूल सरकारले दाखवासाठी होती."

"सरकारनं पाह्यली. सरकारनं लिहिली बी," काकू म्हणाली. "आता मोडाची असन तं सरकारले घेऊन या. वावर एक ठेवा, बैल एक ठेवा, मशीन आना, मी काई म्हनलं का? सनासुदीले सगळे इथे जेवा. पन सकाळी उठून काय रांधाव, थे मी ठरवीन."

भाकर फुगली. तिनं ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी केली, फिरवली, काढली. बाबा तिथंच उभे होते. त्यांना राग आला असता तर तो काढायला त्यांच्याकडे जागा होती, घरात मोठे तेच होते. पण या माणसानं जन्मात कधी पंचनाम्याच्या विरोधात जाऊन काही केलेलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडं पाहिलं. भिंत चांगली काळी झालेली होती. मग त्यांनी कागदाकडं पाहिलं आणि तो दुमडून बंडीच्या खिशात घातला.

"बसा," काकू म्हणाली. "भाकर गरम हाय."

मी सरकले. बाबा माझ्या शेजारी बसले. काकूनं ताटात भाकर ठेवली, वांग्याची भाजी वाढली, ठेचा बाजूला ठेवला. बाबा खाली मान घालून जेवायला लागले आणि ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाहीत. दुसरी भाकर त्यांनी मागितली नाही. काकूनं न विचारता टाकली. तेवढ्यात अंगणापलीकडून आईची हाक आली, "अवो, कुठी हा? ताट वाढलं."

बाबांचा घास हातात राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काकूकडं पाहिलं, मग घास तोंडात टाकून तिथूनच ओरडून सांगितलं, "मी वावरात हावो."

पलीकडे ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," आई पलीकडून म्हणाली. "वावरात मीठ कमी पडलं तं सांगजा."